अस्वस्थ पाय विकार आणि झोपेतील अनैच्छिक हालचाली

अस्वस्थ पाय विकार हा चेतासंस्थेचा आणि झोपेचा एक विकार आहे. विश्रांतीच्या वेळी, विशेषतः संध्याकाळी व रात्री, पाय हलविण्याची अनावर ऊर्मी येणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. ही ऊर्मी चालल्याने वा पाय ताणल्याने तात्पुरती शमते आणि स्थिर बसताच परतते. वैद्यकीय व्यवहारात हा विकार ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ या नावाने किंवा ‘आरएलएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याचे वर्णन करणाऱ्या दोन वैद्यांच्या स्मरणार्थ ‘विलिस–एकबॉम विकार’ असेही नाव रूढ आहे.

या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये झोप लागल्यानंतर पायांना ठरावीक अंतराने झटके बसतात. या हालचालींना आवर्ती अवयवचलन म्हणतात. त्या पूर्णतः अनैच्छिक असतात आणि बहुधा झोपणाऱ्याला त्यांची जाणीवही नसते. जागेपणीची ऊर्मी रुग्णाला कळते, पण इतरांना दिसत नाही. झोपेतील झटके शेजारी झोपणाऱ्याला दिसतात, पण रुग्णाला कळत नाहीत. एकाच विकाराची ही दोन अंगे दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या अनुभवास येत असल्याने निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते. शरीरातील लोहाची कमतरता हे या विकाराचे सुधारता येण्याजोगे प्रमुख कारण आहे. महाराष्ट्रात रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असल्यामुळे येथे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

लक्षणे

रुग्णाला होणारी जाणीव त्वचेवर नसून पोटरीच्या वा मांडीच्या आत खोलवर असते. मराठीत ती सांगण्यासाठी एकच असा रूढ शब्द नाही. पाय शिवशिवणे, वळवळणे, पोटऱ्या तुटणे, पायांत मुंग्या चालणे, पायांना ओढ लागणे, आतून काहीतरी सरपटल्यासारखे वाटणे अशा विविध शब्दांत रुग्ण तिचे वर्णन करतात. काहींना वेदना होतात, काहींना मुळीच होत नाहीत. ‘दुखत नाही, पण ठेववतही नाही’ असा हा अनुभव असतो. बहुधा दोन्ही पायांत लक्षणे असतात. विकार तीव्र झाल्यास ती हातांपर्यंतही पोहोचतात.

दिवसाच्या वेळेशी असलेला संबंध हे या विकाराचे ठळक वैशिष्ट्य आहे. सकाळी रुग्णाला बहुधा आराम असतो. दिवस कलल्यावर त्रास वाढू लागतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो सर्वाधिक होतो. अंथरुणाला पाठ टेकताच उठून येरझाऱ्या घालाव्या लागतात. पहाटे उशिरा झोप लागते. लांबचा बसप्रवास, नाट्यगृह, कीर्तन, विमानातील आसन अशा दीर्घकाळ बसून राहण्याच्या प्रसंगीही लक्षणे उफाळून येतात.

झोपमोडीचे परिणाम दिवसभर जाणवतात. थकवा, एकाग्रतेचा अभाव, चिडचिड आणि उदासीनता ही त्यांतील सामान्य लक्षणे होत. अनेक रुग्ण संध्याकाळचे समारंभ व प्रवास टाळू लागतात.

निदानाचे निकष

अस्वस्थ पाय विकाराचे निदान मुख्यतः रुग्णाशी बोलून होते. तो सिद्ध करणारी रक्तचाचणी किंवा क्ष-किरण तपासणी नाही. या विकाराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने पाच निकष निश्चित केले असून निदानासाठी पाचही आवश्यक मानले जातात :

१. पाय हलविण्याची अनावर ऊर्मी असणे. तिच्यासोबत बहुधा अप्रिय संवेदना असणे.
२. बसल्यावर वा आडवे झाल्यावर ही ऊर्मी सुरू होणे किंवा वाढणे.
३. चालणे, पाय ताणणे अशा हालचालींनी, निदान ती चालू असेपर्यंत, आराम पडणे.
४. संध्याकाळी वा रात्री त्रास अधिक असणे किंवा केवळ त्याच वेळी असणे.
५. ही लक्षणे स्नायूंचे पेटके, बसण्याची अवघडलेली ढब, सांधेदुखी, पायांवरील सूज यांसारख्या अन्य कारणांनी स्पष्ट होणारी नसणे.

पहिल्या चार निकषांवरच थांबल्यास इतर विकारांची गफलत होऊ शकते, म्हणून पाचवा निकष जोडण्यात आला. तीव्रता मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एक मोजपट्टी वापरली जाते. तिचे गुण ० ते ४० असतात.

निदान झाल्यावर कारण शोधण्यासाठी रक्ततपासणी करतात. तीत फेरिटिन या लोह साठविणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण सर्वांत महत्त्वाचे असते. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर असतानाही फेरिटिन कमी असू शकते. शरीर आपला साठा मोडून रक्तासाठी लोह पुरविते, त्यामुळे साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ टिकून राहते. केवळ हिमोग्लोबिन पाहून ‘रक्त चांगले आहे’ असा निष्कर्ष काढल्यास या विकाराचे कारण निसटते. उलटपक्षी शरीरात दाह वा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. म्हणून लोहवाहक प्रथिनाची संपृक्तताही तपासतात.

झोपेतील आवर्ती अवयवचलन

झोप लागल्यावर पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो आणि कधीकधी गुडघा व कंबरेचा सांधाही आखडतो. क्षणभराने पाय पूर्ववत होतो. वीस ते चाळीस सेकंदांनी तीच हालचाल पुन्हा होते. हा क्रम काही मिनिटांपासून तासापर्यंत चालू राहतो. रात्रीच्या पूर्वार्धात तो अधिक आढळतो.

या हालचालींची अचूक नोंद निद्रालेखनाने होते. या तपासणीत रात्रभर मेंदूचे विद्युत्तरंग, डोळ्यांच्या हालचाली, श्वसन, हृदयगती, रक्तातील प्राणवायू आणि नडगीवरील स्नायूंचे कार्य एकाच वेळी नोंदविले जाते. हालचालीची नोंद करण्याचे नियम काटेकोर आहेत. प्रत्येक हालचाल अर्धा ते दहा सेकंद टिकली पाहिजे. दोन हालचालींच्या प्रारंभांत ५ ते ९० सेकंदांचे अंतर असले पाहिजे. अशा किमान चार हालचाली लागोपाठ झाल्या तरच ती मालिका धरली जाते. झोपेच्या दर तासाला प्रौढांमध्ये १५ पेक्षा व मुलांमध्ये ५ पेक्षा अधिक हालचाली असल्यास प्रमाण वाढलेले समजतात.

अस्वस्थ पाय विकाराच्या सुमारे ८० ते ९० टक्के रुग्णांत ही हालचाल आढळते. याउलट ज्यांच्या झोपेत ती आढळते, त्या सर्वांना अस्वस्थ पाय विकार असतोच असे नाही. उतारवयात कोणतीही तक्रार नसलेल्या अनेकांमध्ये ती दिसते. त्यामुळे केवळ आकड्यावरून औषध सुरू केले जात नाही. हालचालींमुळे झोप मोडत असेल वा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तरच तिला स्वतंत्र विकार मानतात. प्रत्येक झटक्यासोबत हृदयगती व रक्तदाब क्षणभर वाढतो, असेही नोंदींत आढळले आहे.

इतर हालचालींपासून वेगळेपण

झोपेतील सर्वच हालचाली रोगसूचक नसतात. पुढील प्रकारांची अस्वस्थ पाय विकाराशी गल्लत होण्याचा संभव असतो :

पेटके : पोटरीचा स्नायू आवळून त्यात कठीण गोळा येतो आणि तीव्र वेदना होतात. हात लावल्यास गोळा जाणवतो. अस्वस्थ पाय विकारात असा गोळा येत नाही.

निद्रारंभीचा झटका : डोळा लागत असताना उंचावरून पडल्यासारखे वाटून सर्वांग दचकते. हा झटका बहुधा एकदाच येतो. निरोगी व्यक्तींनाही त्याचा अनुभव येतो आणि त्यास उपचाराची गरज नसते.

स्वप्नावस्थेतील वर्तन विकार : स्वप्ने पडण्याच्या निद्रावस्थेत स्नायू एरवी शिथिल असतात. या विकारात ही शिथिलता नाहीशी होते आणि व्यक्ती स्वप्नानुसार ओरडते, लाथा मारते, अंथरुणातून उडी घेते. कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत त्याचे स्वतंत्र विकार म्हणून वर्णन केले. उतारवयात सुरू झालेला हा विकार पुढे कंपवातासारख्या आजाराची पूर्वसूचना ठरू शकतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नये.

झोपेतील श्वासरोध : घोरण्यासोबत श्वास थांबतो व पुन्हा सुरू होतो. श्वास सुरू होताना पाय झटकले जातात. या हालचाली श्वासरोधाच्या उपचाराने कमी होतात. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील श्वसनविकारतज्ज्ञ झरीर उदवाडिया व सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनाचा बिघाड आणि ७.५ टक्क्यांमध्ये दिवसाच्या झोपाळूपणासह श्वासरोध आढळला. ‘झोपेत पाय झाडतो’ या तक्रारीमागे घोरण्याची चौकशी का करावी, हे या आकड्यांवरून कळते.

औषधजन्य चुळबुळ : काही मनोविकारांवरील व उलटीवरील औषधांमुळे रुग्णाला एका जागी बसवत नाही. ही अस्वस्थता सर्व शरीरात जाणवते आणि रात्रीपुरती मर्यादित नसते.

सवयीने पाय हलविणे : विचारात वा कंटाळ्यात बसल्या जागी पाय हलविण्याची सवय अनेकांना असते. ती सांगितल्यावर थांबविता येते व न हलविल्यास त्रास होत नाही. मराठी घरांत ‘बसून पाय हलवू नयेत’ असे मुलांना बजावण्याची रीत आहे. मात्र विकार असलेल्या मुलाला ते पाळणे शक्य होत नाही.

कारणे

या विकाराची कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही. तथापि तीन घटक पुढे आले आहेत.

पहिला घटक आनुवंशिकता होय. सुमारे निम्म्या रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणाला तरी हा त्रास असतो. अशा कुटुंबांत विकार लवकरच्या वयात सुरू होतो. २००७ मध्ये युरोपातील संशोधकांनी विकाराशी निगडित जनुकीय भाग प्रथमच निश्चित केले. त्यांतील एका भागाचा संबंध झोपेतील आवर्ती हालचालींशी असल्याचे आइसलँडमधील अभ्यासात आढळले.

दुसरा घटक मेंदूतील लोह. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या तपासणीत आणि चुंबकीय प्रतिमांत अनेक रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत लोह कमी असल्याचे दिसून आले. रक्तातील लोह पुरेसे असतानाही ते मेंदूत पुरेसे पोहोचत नाही, असे संशोधकांचे मत आहे.

तिसरा घटक डोपामिन हे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन होय. ते तयार करणाऱ्या विकराला लोहाची आवश्यकता असते. त्यामुळे दुसरा व तिसरा घटक परस्परांशी जोडलेले आहेत. लोहाच्या पातळीत दिवसाच्या वेळेनुसार चढउतार होतो व रात्री ती खाली येते. विकाराची रात्रीची तीव्रता समजण्यास ही बाब उपयुक्त ठरते.

याशिवाय मूत्रपिंड निकामी होणे, गर्भारपण, मधुमेहामुळे होणारी चेतातंतूंची हानी आणि वारंवार रक्तस्राव यांमुळे विकार उद्भवतो वा वाढतो. डायलिसिसवरील रुग्णांना सुया लावून चार-चार तास स्थिर पडून राहावे लागत असल्याने त्यांचे हाल अधिक होतात. यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर त्यांपैकी अनेकांचा त्रास कमी होतो.

विकार वाढविणारी औषधे

सर्दी व ॲलर्जीवरील गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन व डायफेनहायड्रामिन, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, मनोविकारांवरील अनेक औषधे, तसेच नैराश्यावरील बहुतेक औषधे यांमुळे लक्षणे वाढू शकतात. झोप येत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून गुंगीची गोळी आणणारा रुग्ण नकळत आपलाच त्रास वाढवितो, कारण अशा गोळीने पापण्या जड होतात, पण पाय शांत होत नाहीत. नैराश्यावरील वा मनोविकारावरील औषध मात्र रुग्णाने परस्पर बंद करू नये. पर्यायी औषधाविषयी ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. चहा, कॉफी, मद्य व तंबाखू यांनीही काहींचा त्रास वाढतो.

प्रमाण

युरोप व उत्तर अमेरिकेतील पाहण्यांत प्रौढांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांत हा विकार आढळतो. त्यांतील उपचाराची गरज भासण्याइतका त्रास असणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी असते. बंगळुरू शहरातील पाहणीत हे प्रमाण सुमारे २ टक्के आढळले. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांमध्ये विकार पुरुषांपेक्षा सुमारे दुप्पट आढळतो आणि वयानुसार प्रमाण वाढते.

गर्भारपणात जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित अंदाजानुसार सुमारे एकपंचमांश स्त्रियांना हा त्रास होतो. तिसऱ्या तिमाहीत तो सर्वाधिक असतो व बाळंतपणानंतर बहुतेकींचा कमी होतो. मात्र अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात विकार पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो.

मुलांमधील विकार

हा विकार मुलांनाही होतो. अमेरिका व ब्रिटनमध्ये ८ ते १७ वर्षे वयोगटाच्या पाहणीत सुमारे २ टक्के मुलांत तो आढळला. मुलाला आपली जाणीव शब्दांत मांडता येत नाही. ‘पायात किडे फिरतात’, ‘पायांना पळायचे आहे’ अशा शब्दांत ते बोलते आणि मोठी माणसे ती गंमत समजतात किंवा ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देतात. रात्री झोप मोडलेले मूल वर्गात पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते अधिक चुळबुळ करते व त्याचे लक्ष विचलित होते. अवधान-न्यूनता असलेल्या मुलांमध्ये अस्वस्थ पाय विकार अधिक आढळतो. वर्गात सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या झोपेची चौकशी करणे आणि पालकांना लोहतपासणी सुचविणे शिक्षकांच्या हाती असते.

इतिहास

इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लॅटिन ग्रंथात अंथरुणात पडताच हातपाय उसळणाऱ्या व त्यामुळे झोप न मिळणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. १८६१ मध्ये जर्मन वैद्य थिओडोर विटमाक यांनी त्यास ‘नडग्यांची चिंता’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्या काळी विकार उन्मादाचा भाग मानला जाई. रुग्णाचा त्रास मनाचा समजण्याची प्रवृत्ती तेव्हापासून चालत आली आहे.

स्वीडनचे मेंदुविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये विकाराचे सविस्तर विवेचन करून त्यास आजचे नाव दिले. लोहाची कमतरता व गर्भारपण यांच्याशी असलेला संबंधही त्यांनी नोंदविला. १९५३ मध्ये स्वीडनमध्येच नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचे नोंदविले. १९६०च्या दशकात इटलीतील बोलोन्या येथे एलियो लुगारेसी व सहकाऱ्यांनी रात्रभराच्या विद्युत्-नोंदींद्वारे झोपेतील झटक्यांची आवर्तने दाखवून दिली.

डोपामिनविषयीच्या ज्ञानाच्या वाटचालीत मुंबईचाही वाटा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधा वनस्पतीच्या उपयोगासंबंधीचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन हे द्रव्य दिल्यावर प्राणी निश्चल होतात व लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले. त्यातून हालचालींवरील डोपामिनचे नियंत्रण उलगडले. १९८२ मध्ये तुर्कस्तानचे अकपिनार यांनी अस्वस्थ पाय विकारावर लेव्होडोपा उपयुक्त असल्याचे नोंदविले.

लेव्होडोपा हे द्रव्य कोकण व सह्याद्रीच्या रानांत उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्ये, म्हणजेच कवचबीजात, निसर्गतः असते. १९३७ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्यांतून वेगळे केले आणि १९७८ मध्ये मुंबईतील संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. शक्तिवर्धक म्हणून कवचबीजाचे चूर्ण घेणारी व्यक्ती प्रत्यक्षात लेव्होडोपा घेत असते. म्हणून अस्वस्थ पाय विकाराच्या रुग्णाने त्याची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र व नवी मुंबईतील संदर्भ

२०१९–२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. चौथ्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गर्भवतींमध्ये ते ४५.७ टक्के आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता त्यांतील प्रमुख होय. ‘पाय तुटतात, रात्री झोप नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीचे दुखणे पुष्कळदा दिवसभराच्या कष्टांवर, वातावर वा कॅल्शियमच्या कमतरतेवर ढकलले जाते. पाय नेमके केव्हा तुटतात आणि चालल्याने बरे वाटते की अधिक दुखते, हे दोन प्रश्न विचारले गेल्यास वेगळे निदान पुढे येऊ शकते. श्रमाने आलेले दुखणे विश्रांतीने थांबते, तर हा त्रास विश्रांतीनेच सुरू होतो.

सिडकोच्या स्थापनेनंतर, १९७० पासून, खाडीपलीकडे वसविलेल्या नवी मुंबईत या विकाराच्या दृष्टीने लक्षणीय अशा काही जीवनपद्धती एकत्र आढळतात. ऐरोली व महापे येथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानांत परदेशी वेळेनुसार रात्रपाळीत काम चालते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजीपाल्याची आवक रात्री व व्यवहार पहाटे होतात. पनवेल ते मुंबई हा हार्बर मार्गावरील लोकल प्रवास सव्वा तासाहून अधिक आहे. रात्रपाळी वा प्रवास यांमुळे हा विकार होतो असे नव्हे. परंतु विकार असलेल्या कर्मचाऱ्याला लक्षणांचा सर्वाधिक तीव्र काळ खुर्चीवर बसून काढावा लागतो. घरी परतल्यावर दिवसाची अपुरी झोप त्यात भर घालते. अशा कर्मचाऱ्यांना तासातासाने उठून चालण्याची व उभ्याने काम करण्याची मुभा मिळाल्यास त्रास कमी होतो.

निदानाच्या पहिल्या पायरीसाठी निद्रालेखनाची सोय लागत नाही. महापालिकेच्या वाशी, नेरूळ व ऐरोली येथील रुग्णालयांपासून गल्लीतील कुटुंबवैद्यापर्यंत कोणीही वर दिलेले पाच प्रश्न विचारू शकतो आणि फेरिटिनची तपासणी सुचवू शकतो. घोरणे, झोपेत ओरडणे किंवा पडणे अशी लक्षणे असल्यास अथवा निदानाविषयी शंका असल्यास मेंदुविकारतज्ज्ञ वा निद्राविकारतज्ज्ञाकडे जावे लागते.

घरगुती उपाय

पाय चेपून घेणे, तळपायाला तेल वा तूप लावून काशाच्या वाटीने घासणे, कोमट पाण्यात पाय बुडविणे हे महाराष्ट्रातील घरांत परिचित उपाय आहेत. दाब, घर्षण व उष्णता यांच्या संवेदनेमुळे ऊर्मी काही काळ दबते. त्यामुळे या उपायांनी तात्पुरता आराम मिळतो व त्यांत अपाय नाही. मात्र मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी गरम पाणी जपून वापरावे. पोटरीला ओढणी वा दोरी घट्ट आवळून झोपण्याची काहींची सवय रक्ताभिसरणाच्या दृष्टीने अहितकारक आहे.

आहारात अळीव, बाजरी, तीळ, कुळीथ, माठ व राजगिऱ्याची पाने यांचा समावेश उपयुक्त असतो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची प्रथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते, तर जेवणासोबतच्या चहामुळे ते घटते. साठा फारच खालावला असल्यास मात्र केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही.

नियमित रक्तदान करणाऱ्यांचा लोहसाठा हळूहळू घटू शकतो. भारतात दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी तीन व स्त्रियांसाठी चार महिन्यांचे अंतर आवश्यक मानले जाते. पायांचा त्रास सुरू झालेल्या रक्तदात्याने पुढील रक्तदानापूर्वी फेरिटिन तपासून घ्यावे.

उपचार

उपचाराचा पहिला टप्पा विकार वाढविणारी औषधे व पेये ओळखणे हा आहे. झोपेची वेळ निश्चित ठेवणे व मध्यम व्यायाम करणे यांचाही उपयोग होतो.

दुसरा टप्पा लोहपूर्तीचा. सामान्यतः रक्तक्षयासाठी वापरल्या जाणाऱ्या फेरिटिनच्या मर्यादेपेक्षा या विकारात वरची मर्यादा धरली जाते. प्रौढांमध्ये फेरिटिन प्रति मिलिलिटर ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास अथवा संपृक्तता २० टक्क्यांहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ३० वा ४० हा आकडा ‘सामान्य’ म्हणून छापलेला असला, तरी या रुग्णांसाठी तो अपुरा ठरू शकतो. गोळ्यांनी साठा न वाढल्यास वा त्या न सोसल्यास रुग्णालयात शिरेतून लोह देतात. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. तपासणीविना लोहाच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत, कारण जादा लोह यकृतात व हृदयात साठून अपाय करते. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. चुकून अनेक गोळ्या खाल्ल्यास बालकास गंभीर विषबाधा होते. शासकीय कार्यक्रमानुसार गर्भवतींना १८० दिवस लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य दिल्या जातात. त्या नियमित घेणे हा या विकाराच्या दृष्टीनेही हिताचा उपाय आहे.

तिसरा टप्पा अन्य औषधांचा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनसदृश औषधे दीर्घकाळ प्रथम पसंतीची मानली जात. त्यांनी सुरुवातीला नाट्यमय आराम मिळतो. परंतु काही वर्षांनी त्यांतील अनेकांचा त्रास उलट वाढतो. लक्षणे दुपारीच सुरू होतात, हातांपर्यंत पसरतात आणि मात्रा वाढविल्यास आणखी तीव्र होतात. काही रुग्णांमध्ये जुगार, अनावर खरेदी अशा आवेगी वर्तनाचीही नोंद झाली आहे. त्यामुळे अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांचा सरसकट वापर टाळण्याचे सुचविले असून गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन ही औषधे आणि योग्य रुग्णांत शिरेतून लोह यांस प्राधान्य दिले आहे. गॅबापेन्टिन व प्रिगॅबालिन यांनी चक्कर व गुंगी येऊ शकते, म्हणून वृद्धांमध्ये पडण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो. दीर्घकाळ घेत असलेले डोपामिनसदृश औषध एकाएकी थांबविल्यास त्रास उफाळतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

पूर्वानुमान व जनजागृती

कमी लोह, गर्भारपण वा विशिष्ट औषध यांमुळे उद्भवलेला विकार कारण दूर झाल्यावर बहुधा ओसरतो. आनुवंशिक विकार दीर्घकाळ टिकतो. त्यात मधूनमधून महिनोन्‌महिने आरामही असतो. विकार प्राणघातक नाही आणि तो मनाचा कमकुवतपणाही नाही. योग्य निदान झालेल्या बहुतेक रुग्णांना उपचाराने पुरेशी झोप मिळू शकते.

एकबॉम यांचा जन्मदिन २३ सप्टेंबर हा या विकाराविषयीच्या जनजागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. डॉक्टरांकडे जाताना रुग्णाने शक्य असल्यास शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. लक्षणांची वेळ, आराम पडण्याची रीत, चालू असलेली सर्व औषधे व चूर्णे आणि कुटुंबातील इतरांचा त्रास यांची नोंद जवळ ठेवल्यास निदान सुलभ होते.